न सोडलेली गाठ

“हात घाला आत. विंचू नाही चावत,” ओकबुनमावशी म्हणाली आणि तिने कापडी पिशवी माझ्यापुढे धरली.

मी हात घातला. आत तांदूळ होते, दोन-तीन मुठी, थोडे राळे मिसळलेले.

“किती माणसांचं घर?”

“मला काय माहीत?”

“काय माहीत म्हणे! अहो पाळकीणबाई, तुम्ही ह्यांचंच खाता ना?” तिने पिशवी परत घेतली आणि तळहातावर एकदा झेलली. “पाच होती, आता चार. म्हातारीने अन्न सोडलेलं दिसतंय. आजच जाऊन या. उद्यावर टाकू नका.”

मी दुसऱ्या दिवशी गेले, कारण त्या दिवशी मला कपडे धुवायचे होते. दारात रडारड चालली होती.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शहरातली, शिकलेली, आणि नवऱ्याला ह्या नदीकाठच्या खेड्यातलं चर्च मिळालं म्हणून आतल्या आत धुमसणारी. युद्ध थांबून चार वर्षं झाली होती. चर्च म्हणजे वर पत्रा, खाली लाकडी फळ्या आणि बायकांच्या बाजूच्या भिंतीवर चाळीस खिळे. प्रत्येक खिळ्याला एका घराची पिशवी, तिच्यावर दोऱ्याने टाचलेलं नाव. भात टाकण्याआधी घरची बाई मोजून घेतलेल्या तांदळातून माणशी एक चमचा बाजूला काढायची. तो देवाचा. आठवडाभराचे चमचे पिशवीत घालून रविवारी खिळ्याला अडकवायचे. सोमवारी ओकबुनमावशी त्या पिशव्या चर्चच्या रांजणात रिकाम्या करी आणि परत टांगून ठेवी. बुधवारच्या प्रार्थनेला बायका त्या घरी नेत. रांजणातलं धान्य पाळकाच्या घराचं आणि गावातल्या नडलेल्यांचं.

म्हणजे आम्ही चाळीस घरांचा भात खात होतो. नवे तांदूळ, जुने तांदूळ, जव, राळे, कुणाच्या चार लाल चवळ्या. एक शिजेपर्यंत दुसऱ्याचा लगदा व्हायचा. माझा नवरा मुकाट्याने खायचा. मी रोज नाक मुरडायची. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मी तशीच होते.

ओकबुनमावशी टोफूवाली, सोयाबीनच्या दुधाच्या वड्या विकणारी. पन्नाशी उलटलेली, बुटकी, विधवा, मूलबाळ नाही. रोज सकाळी डोक्यावर टोफूची पाटी घेऊन घंटी वाजवत दारोदार फिरायची, त्यामुळे कुणाच्या चुलीवर काय चढलंय आणि काय चढलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक असे. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पिशवीवरचं नाव न वाचताच ती पिशवी ओळखायची. शिव्या तिने कधी दिल्या नाहीत, पण तिचं साधं बोलणंसुद्धा चांगलंच झोंबायचं.

त्या वसंतात एका बुधवारी प्रार्थनेआधी मी भिंतीपाशी झाडत होते. रिकामी असायला हवी अशी एक पिशवी खांद्याला लागली, आणि जड लागली.

“मावशी, ही रिकामी करायची राहिली.”

“नाही राहिली.”

“अहो, भरलेली आहे!”

“हळू! तोंड आहे की चर्चची घंटा?” तिने मला ओढत बाहेर नेलं. “सोमवारी घेतलं त्यांचं. रांजणात ओतलं. मग रांजणातलं त्यांच्या पिशवीत भरलं. ज्या घरात भातात पाणीच जास्त असतं, त्यांच्या चार-पाच पिशव्या अशा टांगते. सगळ्या बायका एकदम नेतात, कुणाची जड कुणाची हलकी, कोण बघतंय?”

“पाळकसाहेबांना ठाऊक आहे?”

“त्यांना कशाला सांगायचं? ते यादी करतील. मदतीत आलेली दुधाची भुकटी कुणाकुणाला दिली, त्याची केली होती की नाही? उपासनेत उभं राहून वाचली. चांगला माणूस आहे हो तुमचा नवरा, पण यादीत नाव आलं त्या दिवसापासून दोन घरं चर्चला यायची थांबली. झाकली मूठ सव्वा लाखाची, पाळकीणबाई.”

“पण ती बाई देवाचे आभार मानणार, आणि भरता तुम्ही!”

“मग कुणाचे मानावेत? शास्त्रात दुष्काळातल्या त्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही म्हणतात. रोज कुणी भरलं ते लिहिलंय का?”

“देवाने भरलं.”

“देवानेच. पण हात कुणाचा होता ते लिहिलं नाही. बरं केलं. शेजारणीचं नाव लिहिलं असतं तर बिचारीला घास गिळवला नसता.”

मी आत जाऊन पुन्हा केरसुणी उचलली.

त्या चार-पाच पिशव्यांतली एक हादोंगवालीची होती. नदीपलीकडच्या हादोंगहून लग्न होऊन आलेली, म्हणून सगळे तिला हादोंगवालीच म्हणत. पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी. नवरा सुतार होता, आदल्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. तीन मुलं. नवऱ्याच्या आजारपणात ती आमच्याकडे येऊ लागली आणि मग प्रभूचीच झाली. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला तिने पितरांपुढे पान मांडलं नाही. झालं, तेवढं पुरलं. दिराने तिला दाणा देणं बंद केलं. जाऊ विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, “पितरांना जी जेवायला घालत नाही, तिला आम्ही का घालावं? तिचा देव देईल की!”

हादोंगवालीने मान खाली घालून घागर भरली आणि गेली. लोकांची भांडी घासायची, कांडण करायची, त्यातून मूठभर धान्य मिळायचं. तिच्या पिशवीत तांदूळ कधी नसत. जव असत, जुने, कोंड्यासकट. पण माणशी एक चमचा, चार माणसांचे चार, कधी चुकले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी ओकबुनमावशीला ताप आला. आमच्याकडे हे दिवस सर्वांत वाईट. तांदूळ संपलेले असतात आणि शेतातले जव अजून हिरवे. मावशी अंथरुणातून म्हणाली, “सोमवारचं तुम्ही बघा. हादोंगवालीची पिशवी भरून टांगायला विसरू नका. आणि नीट करा.”

“मी काय लहान आहे?”

“लहान नाही. शिकलेल्या आहात, म्हणून सांगते.”

सोमवारी मी एकटीच बसले. पिशव्या हलक्या होत्या, रांजणाचा तळ दिसत होता. हादोंगवालीची पिशवी मी हातात घेतली. तोंडाशी सुतळीची घट्ट गाठ होती. बाहेरून दाबून पाहिलं, जवच होते. मनात आलं, भुकेल्या बाईचं घ्यायचंच कशाला? एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने घालायचं, हा कसला खेळ? राहू दे बिचारीचं तिला. आणि तशीही भरायला रांजणात काय होतं? मी गाठ न सोडताच पिशवी खिळ्याला टांगली. खोटं कशाला सांगू, मी स्वतःवर खूश झाले होते.

बुधवारी हादोंगवाली आपली पिशवी घेऊन गेली. रविवारी आली नाही. चाळिसातला एक खिळा रिकामा राहिला. पुढच्या रविवारीही तसाच.

मला वाटलं, आजारी असेल. मग विहिरीवर तिच्या जावेचा आवाज कानावर पडला, “पितरांचं पान हिनं मांडलं नाही, आता हिचं पान देवानं परत पाठवलं! जव दिले होते बाईनं. चर्चला पांढरे तांदूळ लागतात. गाठ सोडून बघायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत त्यांनी!”

आमच्याकडे शेजारणीचं वाडगं परत करतानासुद्धा त्यात चार पानं भाजीची घालतात, नुसतं देत नाहीत. आणि पाठवलेला वानवळा न उघडता परत आला, तर त्याचा अर्थ एकच होतो: तुमचं आमचं संपलं. हे मला माहीत होतं. मी त्याच मातीत वाढले होते. पण देवाच्या पिशवीला तोच नियम लागतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

माझा नवरा दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन तिच्याकडे गेला. तिने वाकून नमस्कार केला आणि डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. ओकबुनमावशीने पडल्या पडल्या शेजारणीकडून टोफूचा चोथा पाठवला. तो परत आला. नवरा संध्याकाळी घरी येऊन भिंतीला टेकून बसला. म्हणाला, “मधल्या मुलीचा चेहरा सुजलाय. गालावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो.”

ती भुकेची सूज. ती चढली की लहान मूल आठ-दहा दिवस काढतं. त्या वसंतात आमच्या गावात तशी दोन मुलं आधीच गेली होती. आणि आता ही बाई आमच्या हातून काहीही घ्यायला तयार नव्हती.

मी सकाळी उठून ओकबुनमावशीकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ती ऐकता ऐकता उठून बसली. ताप उतरला होता, पण अंगात काही उरलं नव्हतं.

“गाठ सोडली नाहीत?”

“मला वाटलं, तिचं तिला राहावं.”

“दया आली?”

“हो.”

“जळली तुमची दया!” ती ओरडली आणि तिला खोकल्याची उबळ आली. पाणी प्याल्यावर आवाज खाली आला. “तो संदेष्टा गेला ना त्या विधवेकडे, दुष्काळात? मूठभर पीठ उरलं होतं तिच्यापाशी. पोराला शेवटची भाकरी घालायची अन् मग दोघांनी मरायचं, असं ठरवून बसलेली. आणि हा म्हणतो, आधी मला करून दे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, काय निर्लज्ज मेला! भरल्या घरी मागायला काय झालं होतं? मग इतकी वर्षं ह्या पिशव्या उचलल्या, तेव्हा कळलं. देवाला तिला द्यायचंच होतं. पण भिकारीण करून द्यायचं नव्हतं. आधी तिच्या हातचं खाल्लं, मग मडकं भरलं. आधी घ्यायचं असतं, पाळकीणबाई! तुम्ही तिचं घेतलंच नाहीत, मग तिनं तुमचं का घ्यावं?”

मला रडू फुटलं.

“रडू नका, तेवढा वेळ नाही. तुमच्याकडे आज काय शिजलंय?”

“काही नाही. रांजण रिकामा आहे. दोन दिवस रानातला पाला उकडून खातोय.”

“देवाची करणी,” ती म्हणाली. “मग खोटं बोलायला नको. वाडगं घ्या आणि तिच्याकडे मागायला जा. आणि ऐका, ती देईल ते सगळं घ्यायचं. पोरं बघतील तुमच्याकडे. एक दाणा मागे ठेवलात तर पुन्हा तेच केलंत म्हणून समजा.”

मी गेले. भर दुपार होती. तिन्ही मुलं ओट्यावर उन्हात बसली होती, खेळत नव्हती. मधलीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते सुजून इतके बारीक झाले होते की बघते की झोपते, कळेना. हादोंगवाली बाहेर आली, वाकून नमस्कार केला, “या पाळकीणबाई” म्हणाली. तिच्या मागे, खोलीतल्या खांबाला पिशवी टांगलेली होती. सुतळीची गाठ जशीच्या तशी.

मला वाटलं होतं, ते जव त्यांनी केव्हाच खाल्ले असतील.

“ताई, हे घरातच आहे? मुलांना...”

“देवाला काढून ठेवलेलं आहे ते. त्याला नको झालं म्हणून काय आम्ही खायचं? ते आमचं नाही.” मुलांकडे बघून म्हणाली, “पोरांनी मागितलं. मी नाही म्हटलं.”

मी ओट्याखाली मातीतच गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाडगं पुढे केलं.

“ताई, देवाने परत नाही केलं. मी केलं. मावशी आजारी होत्या, पिशव्या माझ्या हातात होत्या. गाठ मी सोडली नाही.”

“का?”

“दया आली म्हणून.”

तिचा चेहरा लाल झाला. “माझी दया,” ती म्हणाली. “तीन वेळा कांडण करून आणलेले जव होते ते. देव भावाचा भुकेला म्हणता तुम्ही, आणि तुम्हाला माझी दया येते. दोन रविवार मी ह्या खांबाकडे बघत बसले, पाळकीणबाई. म्हटलं, जाऊ म्हणते तेच खरं असेल.”

“ते खरं नाही. चूक माझी आहे. आणि आज मी मागायला आले आहे. आमच्याकडे शिजवायला काही नाही. ते जव मला द्या.”

“खोटं बोलताय.”

“रांजण येऊन बघा.”

ती ओटा उतरून खाली आली. वाडग्याकडे तिने पाहिलंच नाही, माझी बोटं पाहिली. दोन दिवस पाला खुडून नखं हिरवी-काळी झाली होती. तिने माझा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि सोडला. मग घागरीतल्या पाण्याने स्वतःचे हात धुतले, कमरेला पुढे बांधलेलं कापड नीट केलं आणि आत गेली.

पिशवी तिने माझ्यासमोर आणली. गाठ हाताने सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. जव वाडग्यात पडायला लागले तसा धाकटा मुलगा सरपटत जवळ आला. मधली उठून बसली. थोरली तेवढी दुसरीकडे बघत होती, आणि ते मला सर्वांत कठीण गेलं. माझ्या ओठांवर आलं होतं, अर्धे राहू द्या, निदान अर्धे. मी जीभ चावली. हादोंगवालीने पिशवी उलटी केली, शिवणीत अडकलेले दाणे नखाने काढले आणि तेही वाडग्यात टाकले.

“कोंडा आहे ह्यांना,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, घरची बाई दुसरीला सांगते तसा. “आत्ता गेल्या गेल्या भिजत घाला. एक उकळी आली की ते पाणी ओतून द्या, नवीन घाला. शहरातल्या तुम्ही, घाई कराल.”

“नाही करणार.”

तिने मला कुंपणापर्यंत सोडलं, पाहुण्याला सोडतात तसं. तिथे रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. “मावशींना द्या. चर्चच्या खिळ्याची आहे.”

मी पिशवी ओकबुनमावशीच्या पुढ्यात ठेवली. रांजण रिकामा होता, मी म्हटलं, आता काय भरायचं? ती भिंतीला धरून उठली आणि कोपऱ्यातलं सोयाबीनचं पोतं सोडलं, टोफूसाठी ठेवलेलं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पिशवी तोंडापर्यंत भरली, आणखी एक मोठं गाठोडं बांधलं. संध्याकाळी शेजारीण ते घेऊन गेली. रिकामी पिशवी मालकिणीकडे जायचीच असते, त्यात कुणाला काही विचारायचं नसतं. ह्या वेळी काही परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं, तिसऱ्या दिवशीही. तीन आठवडे गावात टोफूची घंटी वाजली नाही.

मधलीची सूज उतरायला बारा दिवस लागले. तिन्ही मुलं जगली. हादोंगवाली पुढच्याच रविवारी आली आणि पिशवी आपल्या खिळ्याला अडकवून बसली. जव पिकले. ओकबुनमावशी मात्र त्या तापातून पुरती उठलीच नाही, हिवाळ्यात गेली. तिच्यामागे सोमवारचं काम हादोंगवालीने अठ्ठावीस वर्षं केलं. माझ्या नवऱ्याने पुन्हा कधी यादी केली नाही.

पण त्या दिवशीचं जेवण माझ्या मनातून जात नाही.

सांगितलं तसं मी जव भिजत घातले, एक पाणी ओतलं, तरी ते पुरते शिजले नाहीत. मी दोघांची पानं वाढली. नवऱ्याने विचारलं, “कुठून आले?”

“हादोंगवालीने दिले.”

त्याने चमचा खाली ठेवला. “तिच्या मुलांच्या तोंडचं? तू घेतलंस? आत्ता नेऊन देतो परत.” तो उठायला लागला.

“बसा,” मी म्हणाले. “खायचं आहे ते.” मी नवऱ्याशी अशी कधी बोलले नव्हते. तो खाली बसला. जेवणाआधी प्रार्थना करायला त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं, पण शब्दच आला नाही. तो माणूस कधी शब्दाला अडलेला मी पाहिला नव्हता. शेवटी नुसतं “प्रभू” म्हणाला आणि चमचा उचलला.

कोंडा घशाला लागत होता. आम्ही दोघांनी चावून चावून सगळं खाल्लं. तो रडत होता, पण थांबला नाही. शेवटी मी भांड्यात गरम पाणी घातलं, तळाला धरलेले दाणे खरवडून सोडवले, आणि ते पाणी आम्ही दोघांत वाटून प्यायलो.